पिवळ्या दिव्याची वही

दिल्लीतल्या द्वारकेत मी ज्यांच्या घरात चार वर्षं भाड्याने राहिले, त्या काकांनी पहिल्या भेटीत मला नोकरी विचारली नाही, लग्न विचारलं नाही, स्वयंपाकघरात अंडी शिजणार का तेही विचारलं नाही. दिल्लीत घर शोधून मी इतकी वैतागले होते की या तिन्हींची उत्तरं मला तोंडपाठ झाली होती. काकांनी खिडकीतून खाली उभी असलेली माझी पुण्याच्या नंबरची गाडी पाहिली आणि विचारलं, "इंजिनाचा पिवळा दिवा लागला तर काय करतेस?"

"दुर्लक्ष करते," मी म्हटलं. खोटं बोलायचाही कंटाळा आला होता.

काका आतल्या दिशेने म्हणाले, "अगं, चहा टाक. भाडेकरू मिळाली. खरं बोलते."

भाडेकरारात मग एक जास्तीचं कलम आलं: वाहनातील पिवळा दिवा लागल्यास भाडेकरूने त्याच दिवशी घरमालकास कळवावे. नोटरीने ते तीनदा वाचलं. "अंकलजी, ये क्या है?" त्याने विचारलं. "जो लिखा है वही है," काका म्हणाले आणि त्याच्यासमोर शाईचा पॅड सरकवला.

काकांचा जन्म सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधला. शाळा, कॉलेज, लग्न, सगळं दिल्लीत. मराठी अगदी पुणेरी, पण दर चार वाक्यांनी एक 'बिल्कुल' आणि राग आला की सरळ हिंदी. नोकरी एका सरकारी कचेरीच्या तक्रार विभागात. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या तक्रारी वाचल्या, नोंदवल्या, निकाली काढल्या. निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांच्या स्वतःच्या गाडीत पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्याने एकामागून एक तीन पार्ट बदलले, दिवा ढिम्म हलला नाही. शेवटी काकांनी स्वतः बॉनेट उघडलं, तर एका रबरी पाइपची क्लिप ढिली होती. त्या दिवशी त्यांना तक्रार विभाग परत मिळाला, असं काकू म्हणायच्या.

काडेपेटीएवढं एक स्कॅनर त्यांनी आणलं. ते स्टीअरिंगच्या खाली एका सॉकेटमध्ये खोचायचं, की गाडीची तक्रार मोबाइलवर दिसते, एक अक्षर आणि चार आकड्यांचा कोड. बाकीचे म्हातारे खिशात चष्मा ठेवतात, काकांच्या खिशात स्कॅनर असे. एकदा ते देवळातही खिशातून पडलं आणि पुजाऱ्याने ते प्रसादाच्या ताटात ठेवलं.

त्यांचा एक सिद्धान्त होता आणि तो ते भेटेल त्याला ऐकवत. "कोड म्हणजे तक्रारदाराचं नाव. गुन्हेगाराचं नव्हे. आमच्याकडे अर्ज यायचे, शेजाऱ्याचं पाणी माझ्या भिंतीत मुरतं. नवीन क्लार्क लगेच शेजाऱ्याला नोटीस काढायचा. मग कळायचं, पाणी तिसऱ्याच मजल्यावरून येतंय. गाडी म्हणते, मला हवा जास्त होतेय. मेकॅनिक हवा मोजणारा सेन्सरच बदलतो. अरे बाबा, जो ओरडतोय त्यालाच काय मारतोस?"

आणि या सगळ्याची वही होती. लांबट सरकारी रजिस्टर, लाल कापडी पाठीचं. रकाने त्यांनी पट्टीने आखलेले: गाडी, कोड, तक्रारदार, गुन्हेगार, साक्षीदार, शेरा. गाडी घेऊन येणाऱ्याला आधी पार्किंगमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून जबानी द्यावी लागे. काल गाडी कोणी चालवली? पेट्रोल कुठे भरलं? दिवा लागला तेव्हा इंजिन गार होतं की गरम? पंखा चालू होता? लोकांना वाटे, हा माणूस स्कॅनर लावून पाच मिनिटांत सांगेल. काका अर्धा तास स्कॅनर काढतच नसत.

"मला ताप आला तरी हे असंच," काकू सांगायच्या. "कधीपासून? चढताना की उतरताना? वहीत लिहून घेतात. गोळी मात्र मलाच आणावी लागते."

तिसऱ्या मजल्यावरच्या सरदारजींची गोष्ट अख्ख्या गल्लीला माहीत होती. त्यांच्या गाडीच्या इंजिनात जास्तीची हवा शिरत होती आणि कुठून ते कोणालाच सापडेना. काका वर गेले आणि काकूंच्या देवघरातून पेटती उदबत्ती घेऊन खाली आले. पेट्रोलच्या नळीपासून हात लांब ठेवून त्यांनी चालू इंजिनाच्या एकेका पाइपाजवळून उदबत्ती फिरवायला सुरुवात केली. सरदारजींना वाटलं, पूजा चाललीय. त्यांनी डोक्यावरची पगडी सारखी केली आणि हात जोडून उभे राहिले. एका वळणावर धूर एकदम आत ओढला गेला. "ये रहा आपका मुजरिम," काका म्हणाले. पाइपाला केसाएवढी चीर होती. सरदारजींना ते पटायला दोन मिनिटं लागली, कारण त्यांचे हात अजून जोडलेलेच होते.

एक गोष्ट काका मरेपर्यंत सहन करणार नाहीत, असं ते म्हणायचे. दिवा नुसता पुसून टाकणं. स्कॅनरमध्ये तशी सोय असते. बटण दाबलं की कोड जातो, दिवा विझतो, माणूस खूश. "तक्रारदाराचं तोंड दाबलंस," काका म्हणायचे. "अर्ज फाडला म्हणून गळती थांबते का?"

त्यांची दुसरी दुश्मनी पार्किंगमधल्या खाण्याशी. तळमजल्यावरच्या आंटी कुत्र्यांसाठी खांबाशी पोळ्या टाकायच्या. थंडीत उंदीर गरम इंजिनात घुसतात आणि तारा कुरतडतात, त्यात हे पोळ्यांचं आमंत्रण. काकांनी भिंतीवर पाटी लावली होती: 'यहाँ खाना डालना सख्त मना है.' आंटी त्या पाटीखालीच पोळ्या टाकायच्या. रोज दोघांचं पाच मिनिटं भांडण, मग आंटीच्या घरून काकांना लोणचं. चार वर्षं हे मी बघत आले.

गाड्यांचे सणवार मात्र काका झाडून सगळे करायचे. दसऱ्याला झेंडूची माळ, पाडव्याला कडुलिंबाची डहाळी, संक्रांतीला तिळगूळ. पार्किंगमध्ये त्यांची गाडी पुढे आणि माझी मागे, म्हणून माझ्या गाडीची किल्ली कायम त्यांच्या दाराशी खुंटीला. त्यामुळे माझ्या गाडीचेही सण आपोआप साजरे होत. मी हसले की म्हणायचे, "वर्षभर बोलून घेतो तिच्याशी. सणाला उपाशी ठेवू?"

आता माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं, कारण ही हकीकत त्यांच्यापाशीच येऊन थांबते.

बाबा माझ्या गाडीत बसत नसत. मी गाडी शिकत असताना पुण्यात आमच्या सोसायटीचं फाटक पाडलं होतं. फाटक परत उभं राहिलं, पण बाबांचा विश्वास काही उभा राहिला नाही. कुठे जायचं म्हटलं की, "तू हो पुढे, मी रिक्षाने येतो." एकूणच दुसरा माणूस चालवत असला की त्यांचा डोळा लागत नाही. बसमध्ये रात्रभर जागून ड्रायव्हरवर लक्ष ठेवणारे ते. कौतुक वगैरे त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. दहावीला चांगले मार्क पडले तेव्हा "ठीक" म्हणाले होते.

त्या जानेवारीत ते दिल्लीला येणार होते. पानिपतला जाऊन तिथलं काला अंबचं लढाईचं स्मारक बघायचं, ही त्यांची शाळकरी वयापासूनची इच्छा. आमच्या गावातून त्या लढाईला गेलेल्यांपैकी कोणी परत आलं नाही, असं घरात सांगत आलेत. फोनवर ते म्हणाले, "टॅक्सी करू." मी म्हटलं, "टॅक्सी कशाला? मी नेते." पलीकडून एवढंच आलं, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे जवळजवळ हो. मला इतका आनंद झाला की मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले. मला त्यांना स्वतः गाडी चालवत काला अंबला न्यायचं होतं. बाकी त्या महिन्यात मला काही नको होतं.

बाबा शनिवारी येणार, रविवारी आम्ही निघणार. आणि शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून परत येताना पिवळा दिवा लागला.

कराराप्रमाणे मी काकांना सांगितलं. अंधार पडला होता. त्यांनी स्कॅनर खोचलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. "हे बघ. तुझी गाडी म्हणतेय, आत येणारी हवा उणे चाळीस अंश आहे."

"दिल्लीत थंडी आहे हो," मी म्हटलं.

"थंडी आहे, पण इतकी नाही. सेन्सर बिचारा ठीक असणार. त्याचा निरोप पोचत नाहीये, मध्ये तार तुटलीय कुठेतरी. सकाळी उजेडात बघू. गाडी हलवू नकोस."

मी हो म्हटलं आणि वर जाऊन अंथरुणावर पडून राहिले. उद्या बॉनेट उघडं, काका आत डोकं घालून, समोर खुर्चीत मी जबानी देतेय, आणि तेवढ्यात बाबा रिक्षातून उतरतायत, हे चित्र काही डोळ्यांसमोरून हलेना. त्यांनी ते पाहिलं असतं तर तिथल्या तिथे टॅक्सी बोलावली असती. सकाळी सातला मी खुंटीवरची किल्ली हळूच काढली आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीकडे गेले. त्याने आत हात घालून काहीतरी हलवलं, पिळलं, आपल्या स्कॅनरवर बटण दाबलं. दिवा विझला. "हो गया मॅडम. ऐश करो."

परत आले तर काका टॉर्च घेऊन खाली उभेच.

"काका, दिवा आपोआप गेला," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. "आपोआप फक्त केस पांढरे होतात," म्हणाले, आणि टॉर्च विझवून वर गेले. खरं बोलते म्हणून ज्यांनी मला घर दिलं त्यांच्याशीच मी खोटं बोलले, आणि मला दिवसभर नीट जेवण गेलं नाही.

बाबा दुपारी स्टेशनवरून मेट्रोने आले. तुला त्रास नको म्हणून, असं म्हणाले. खरं कारण मला ठाऊक होतं.

रविवारी धुकं विरल्यावर आम्ही निघालो. बाबा मागच्या सीटवर बसले. "मागे बरं वाटतं मला," म्हणाले. डोक्यात कानटोपी, कमरेला पट्टा, एका हाताने वरची दांडी धरलेली. मी आरशातून बघत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळे नियम पाळून गाडी चालवत होते. मुरथल मागे पडलं. मी म्हटलं, "परतताना इथे पराठे खाऊ." बाबा म्हणाले, "आधी पोचू."

त्यांचं म्हणणं खरं ठरायला दहा मिनिटंही लागली नाहीत. गाडी थरथरायला लागली, जोर गेला, आणि पिवळा दिवा लुकलुकायला लागला. मी कशीबशी एका धाब्याच्या आवारात गाडी घेतली.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर परवडलं असतं. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "टॅक्सी बोलावू का?"

मला रडू येत होतं. मी काकांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"दिवा नुसता लागलाय की लुकलुकतोय?" काकांनी विचारलं.

"लुकलुकतोय. आणि गाडी हादरतेय."

"मग एक सिलिंडर काम करत नाहीये. चालवू नकोस. बंद कर, बॉनेट उघड, आणि मला फक्त काय दिसतं ते सांग. तुला काय वाटतं ते नको."

मी बॉनेट उघडलं. मला नेहमीसारखं सगळं काळंच दिसत होतं. बाबा चष्मा लावून शेजारी वाकले आणि म्हणाले, "एक तार तुटलेली आहे. कुरतडलेली दिसते. टोकं लोंबतायत. आणि इकडे दुसऱ्या दोन तारा कोणीतरी नुसत्या एकमेकींना टेकवून ठेवल्यात."

"कोणी?" फोनमधून आवाज आला.

"काका, ते मी नंतर सांगते," मी म्हटलं.

"बिल्कुल सांगशील. उंदीर आहे हा. पण काल-परवा एकदम आला कसा? आसपास बघा. खाण्याचं काही आहे का? त्या आंटीची पोळी असणार. मी हजारदा सांगितलंय त्यांना. लिहून ठेवा, साक्षीदार म्हणून सही लागेल तुमची."

बाबांनी बॅटरीच्या कोपऱ्यात बोटं घातली आणि काहीतरी बाहेर काढलं. मिठाईच्या दुकानात असते तशी चुण्यांची कागदी वाटी, कडेने खाल्लेली. तिच्यात अर्धा उरलेला लाडू.

"पोळी नाहीये," बाबा म्हणाले. "तिळगुळाचा लाडू आहे."

 

"केवढा?" काकांनी विचारलं.

"लिंबाएवढा. वर अर्धा काजू."

"तो आमच्या हिचा."

आणि मग काकांनी स्वतःची जबानी दिली. दर संक्रांतीला ते दोन्ही गाड्यांचं बॉनेट उघडून आत तिळगूळ ठेवत, गोड बोल म्हणून सांगत, आणि पाच मिनिटांनी तो उचलून प्रसाद म्हणून खात. यंदा, चार दिवसांपूर्वी, स्वतःच्या गाडीतला खाल्ला. माझ्या गाडीत ठेवला, बॉनेट मिटलं, तेवढ्यात खांबाशी आंटी पोळ्या टाकताना दिसल्या. "मी भांडायला गेलो," काका म्हणाले. "पार्किंगमध्ये खाणं टाकू नका म्हणून."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत, कानटोपी डोळ्यांवर येईपर्यंत. त्यांना असं हसताना मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

"हसून झालं असेल तर कामाला लागा," काका म्हणाले. आवाज अजून पडलेलाच होता. "डाव्या कप्प्यात काळ्या टेपचं रीळ आहे. मीच ठेवलंय. तारेवरचं प्लास्टिक बोटाच्या पेराएवढं सोलायला काय आहे?"

बाबांच्या खिशात नेलकटर असतं, नेहमीच. त्यांनी तार धरली, मी सोलली. काका सांगत गेले, मी पीळ घालत गेले, टेप गुंडाळत गेले. मिस्त्रीने टेकवलेल्या तारांनाही. माझे हात थंडीने बधिर झाले होते आणि बाबा मध्येच म्हणत होते, "घाई नको." धाब्याचा मालक चहाचे दोन ग्लास घेऊन आला आणि आमचा कार्यक्रम बघत उभा राहिला.

"आता लाव," काका म्हणाले.

इंजिन लागलं. थरथर नाही. मी कान देऊन ऐकत राहिले. फोनमधून काकाही ऐकत होते. "बंद पडलेला सिलिंडर आला परत," ते म्हणाले. "दिवा पुसू नकोस. माझ्यासमोर आणायचा. हळू चालव, पोचशील."

मी बाबांकडे पाहिलं. तिथे हमरस्त्यावर टॅक्सी सहज मिळाली असती. बाबांनी चहा संपवला, ग्लास परत दिला, मागचं दार उघडून आपली पिशवी काढली आणि पुढच्या सीटवर येऊन बसले.

काला अंबला आम्ही तासभर होतो. ऊन पडलं होतं, गर्दी नव्हती. बाबांनी चपला काढून ठेवल्या आणि स्मारकासमोर बराच वेळ उभे राहिले. नंतर म्हणाले, "किती लांब आली होती रे माणसं." ते मला म्हणाले की स्वतःशी, कळलं नाही. मी त्यांच्या शेजारी उभी होते आणि मला फार बरं वाटत होतं. त्यांना तिथे मी आणलं होतं.

परतताना ते काही बोलले नाहीत. कानटोपी खाली ओढून पुढे तोंड करून बसले होते. माझं सगळं लक्ष रस्त्यावर आणि त्या दिव्यावर. पराठे राहूनच गेले.

घरी पोचलो तर काका फाटकाशी उभे. बगलेत रजिस्टर. त्यांनी आधी स्कॅनर लावलं, कोड उतरवून घेतला, मग खुर्चीत बसले आणि वही मांडीवर उघडली. तक्रारदाराच्या रकान्यात लिहिलं: दुसरा सिलिंडर. गुन्हेगाराच्या रकान्यात आपलं पूर्ण नाव, त्यापुढे निवृत्तीच्या वेळचा हुद्दा, त्याखाली 'तिळगूळ ठेवून विसरलो'. तिथेच पोळ्या घेऊन आलेल्या आंटी थबकल्या, त्यांना काय झालं ते वही बघायला खाली आलेल्या सरदारजींनी सांगितलं, आणि त्या पोळ्या घेऊन तशाच परत वळल्या. काका मान वर न करता म्हणाले, "आज तरी टाका. आज मला बोलायला तोंड नाही."

"काका," मी म्हटलं, "शनिवारी दिवा आपोआप गेला नव्हता. मी मिस्त्रीकडून पुसून घेतला."

"माहितेय," काका म्हणाले. "खुंटी रिकामी होती." त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. "तुझं तू लिही. मी खाली जागा सोडलीय."

मी लिहिलं. कोड पुसला, खोटं बोलले. मग विचारलं, "कलम मोडलं. घर सोडू?"

"वेडी आहेस का," ते म्हणाले. "वर जा, हिने खिचडी केलीय तुम्हा दोघांना."

मी वर गेले. बाबा सही करायला खाली थांबले, साक्षीदार म्हणून. एका सहीला त्यांना बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी बाबांना स्टेशनवर सोडून आले, गाडीनेच. किल्ली खुंटीला लावताना काकांनी मला आत बोलावलं आणि रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.

"साक्षीदाराने शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं नसतं," ते म्हणाले. "मी आजवर कोणाला लिहू दिलेलं नाही. वाच."

शेऱ्याच्या रकान्यात बाबांचं बारीक, सरळ अक्षर होतं. 'जाताना मागे बसलो. येताना पुढे. येताना झोप लागली.'